प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली. आता गाडी मिस मारते आणि आयडलिंग खाली येत नाही

सुदामानगरकर
१.० लिटर पेट्रोल, तीन सिलिंडर, प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल (ठिणगीची वीज देणारी), थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक. घरीच तिन्ही प्लग आणि एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) स्प्रेने धुतली. आता इंजिन गरम झालं तरी आयडलिंग (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तो वेग) १५०० आरपीएमच्या खाली उतरत नाही, गाडी झटके देते. चढावर चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. ब्लूटूथ स्कॅनरवर पी०३०२ हा कोड. रविवारी भेरू घाटातून खंडव्याला जायचंय. नवी कॉइल आणून टाकू का?

दहाचा पाना
घाट तूर्त विसरा. दिवा स्थिर पेटला तर गाडी सांभाळून गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकतोय म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतंय. तो वितळला तर खर्च कॉइलच्या कितीतरी पट.

पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं), एवढंच. कॉइल गेली असं तो कोड सांगत नाही. इग्निशन बंद ठेवून दोन नंबरची कॉइल एकवर आणि एकची दोनवर लावा, कोड पुसा, इंजिन चालू करा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर तसाच दोनचा प्लग तीनवर टाकून बघा. त्याआधी कॉइलचा कनेक्टर 'टक' करून बसलाय ना, हे हाताने तपासा. निम्म्या गाड्या इथेच सुटतात.

राऊवाला
प्लग बाहेर काढलाच आहे तर पांढरी चिनीमाती उजेडात फिरवून बघा. सॉकेट तिरकं झालं की केसाएवढी चीर पडते, मग ठिणगी टोकाला न जाता बाजूने बॉडीला उतरते. तिथे पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसते. असा प्लग पुसून चालत नाही, फेकायचा. कॉइलच्या रबरी बुटातही तशीच रेघ असेल तर बूटही बदला, नाहीतर नव्या प्लगवर पुन्हा तेच.

प्लगच्या टोकांमधली गॅप फीलर गेजने (पातळ पट्ट्यांचं माप) मोजा (बऱ्याच गाड्यांना १.० ते १.१ मिमी, तरी मॅन्युअल बघा). इरिडियमचा प्लग असेल तर मधल्या बारीक टोकाला गेज टेकवू नका. बसवताना इंजिन थंड, पहिले आटे हातानेच. वॉशरचा नवा प्लग हाताने टेकला की पुढे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा बास. आट्यांना ग्रीस नको. घर्षण कमी होऊन तेवढ्याच जोरात जास्त आवळलं जातं आणि अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात.

दहाचा पाना
आयडलिंगचं दुखणं वेगळं आहे, मिसफायरशी जोडू नका. कार्बन साचलेला असताना ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) थ्रॉटलची प्लेट थोडी जास्त उघडायला शिकला होता. कार्बन गेला, सवय तीच, म्हणून हवा जास्त. स्कॅनरमधून थ्रॉटल रीलर्न करा, म्हणजे प्लेटची जागा ईसीयूला नव्याने शिकवा. तो पर्याय नसेल तर मॅन्युअलमधली पद्धत. प्रत्येक कंपनीची निराळी. इग्निशन चालू असताना प्लेट बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात.

राऊवाला
रीलर्नच्या आधी पाइप बघा. थ्रॉटलच्या *पुढे*, म्हणजे इंजिनच्या बाजूला, पीसीव्हीचा (इंजिनमधली वाफ परत हवेच्या वाटेत नेणारा) किंवा ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणाऱ्या भागाचा) पाइप निसटला असेल तर रीलर्न करून काही होणार नाही. साबणाचं पाणी जोडांवर शिंपडा, आवाज बदलला तिथे गळती. गरम इंजिनवर क्लीनरचा स्प्रे मारून शोधणारे असतात. भडका उडतो, तसलं करू नका. आणि मॅप सेन्सरची (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची) गाडी असेल तर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करतो तो कमी-जास्त फरक) बघून फसू नका: गळती असूनही ट्रिम जवळपास ठीक दिसतो, फक्त आरपीएम चढलेला राहतो.

सुदामानगरकर
कॉइलची अदलाबदल करून पाहिली, कोड दोनवरच. प्लग तीनवर टाकला तर पी०३०३ आला. चिनीमातीवर काळी रेघ आहे. पीसीव्हीचा पाइपही अर्धवट बसला होता, तो नीट बसवला; आयडलिंग ९०० वर आलं.

राऊवाला
मग कॉइल आणू नका. प्लग त्याच नंबरचा घ्या, तीन नंबरच्या कॉइलचा बूटही आता बघा. शेवटी डिपस्टिक काढून वास घ्या. पेट्रोलचा वास असेल किंवा ऑइल वर चढलं असेल तर ते बदलूनच घाटात जा.