बेवारस मृतदेहाचं नाव शोधायला दूरच्या नातलगांचा डीएनए वापरावा का?

मंजिरी_क: १ डिसेंबर १९४८ ला ॲडलेडजवळ सॉमर्टनच्या किनाऱ्यावर एक माणूस मेलेला सापडला. कपड्यांची लेबलं गायब, खिशात 'तमाम शुद' छापलेला चिटोरा. (काम तमाम म्हणणाऱ्यांना अर्थ काय सांगायचा!) पोलिसांनी त्याचा प्लास्टरचा अर्धपुतळा करून ठेवला होता. त्यात अडकलेल्या केसांतून डीएनए काढून प्राध्यापक डेरेक ॲबट आणि वंशावळतज्ज्ञ कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी २०२२ मध्ये नाव जाहीर केलं: कार्ल वेब, मेलबर्नचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. आधी, लोक आपला डीएनए टाकतात त्या वंशावळीच्या वेबसाइटवर दूरचे भाऊबंद सापडले, मग त्यांच्यावरून वंशवृक्ष मांडला. मला तरी हे पुण्याचं काम वाटतं.

निशाचर: पुण्याचं? डीएनए चाचणीसाठी थुंकला एक, उघडं पडलं अख्खं खानदान. २०१८ मध्ये जीईडीमॅच या वंशावळीच्या वेबसाइटवरून कॅलिफोर्नियातला खुनी 'गोल्डन स्टेट किलर' पकडला, तेव्हा तिथल्या लोकांना कोणी विचारलं होतं? २०१९ मध्ये नियम बदलला, होकार देईल त्याचाच डेटा पोलिसांना दिसेल असा. जुलै २०२० मध्ये हॅकरांनी तेही उलटवलं. नकार दिलेलेसुद्धा काही तास पोलिसांना दिसत होते. आणि कार्ल वेबचं नाव जाहीर झालं तेव्हा पोलिसांचा दुजोरा नव्हता, हे विसरलात.

मंजिरी_क: दुजोऱ्याचं मान्य. पण खुनी पकडणं वेगळं आणि मेलेल्याला नाव मिळणं वेगळं. अमेरिकेत ओहायोत मृत सापडलेली 'बकस्किन गर्ल' १९८१ पासून निनावी होती, २०१८ मध्ये ओळख पटली. लेक परत येईल म्हणून तिच्या आईनं इतकी वर्षं घरही बदललं नव्हतं आणि फोन नंबरही. त्या माउलीला तुम्ही काय सांगणार?

भाऊ_सातारकर: तुमचं अमेरिकेतलं भांडण चालू द्या. आपल्याकडे अकस्मात मृत्यूची नोंद होते, काही दिवस शवागार, मग अंत्यसंस्कार. एकदा जाळलं की कसला डीएनए? आधी एखादा दात तरी काढून ठेवा! २०१९ च्या डीएनए विधेयकात बेपत्ता लोकांची आणि अनोळखी मृतांची वेगवेगळी सूची होती. ते विधेयक २०२३ मध्ये मागे घेतलं.

निशाचर: दात ठेवा, माझी ना नाही. त्याची थेट आईबापांशी तुलना करा, तेही ते स्वतः नमुना द्यायला आले तर. चौथ्या पिढीतल्या भावाला मध्ये ओढू नका.

मंजिरी_क: आईबाप हयात नसतील तर? आणि आमच्या सात पिढ्या नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत आहेत. त्या कुठे कोणाला विचारून लिहिल्या?

निशाचर: त्या वहीतून कोणता आजार होणार ते कळत नाही.