मोहम्मद हनीफ धाडसी आहे की इंग्रजीत लिहितो म्हणून वाचला?

गावठाण:
पाकिस्तानी कादंबरीकार आणि पत्रकार हनीफचं नाव निघालं की आपल्याकडचे वाचणारे लोक लगेच काय धाडस, काय धाडस सुरू करतात. माणूस मलाही आवडतो, पण धाडसाचं जरा अती होतंय. 'अ केस ऑफ एक्सप्लोडिंग मँगोज' आलं 2008 ला. 17 ऑगस्ट 1988 ला बहावलपूरजवळ पाकिस्तानचा लष्करी हुकूमशहा जनरल झियाचं सी-130 विमान पडलं, सोबत अमेरिकेचा राजदूतही गेला, विमानात आंब्याच्या पेट्या चढवल्या होत्या, आणि ते नक्की कोणी पाडलं याचा छडा अजून लागलेला नाही, त्यावरची कादंबरी. झियाची त्यात अशी काही उतरवलीय की विचारू नका, रोज सकाळी कुराण उघडून शकुन बघणारा, पोटात जंत झालेला, स्वतःच्याच बंगल्यातून बाहेर पडायला टरकणारा हुकूमशहा. पुस्तक बुकरच्या लाँगलिस्टवर गेलं आणि हा गडी त्याच वर्षी लंडन सोडून कराचीत राहायला आला. कोणी काही केलं? काही नाही. मग 2019 च्या शेवटी शेवटी त्याचंच उर्दू भाषांतर आलं, 'फटते आमों का केस', आणि जानेवारी 2020 मध्ये आयएसआयचे आहोत म्हणणारी माणसं कराचीतल्या प्रकाशकाच्या ऑफिसात घुसून प्रती उचलून घेऊन गेली. झियाच्या मुलाची अब्रुनुकसानीची नोटीस वेगळीच. म्हणजे अकरा वर्षं इंग्रजी पुस्तक चाललं आणि उर्दूला काही महिन्यांत धाड. इंग्रजी वाचणारा हसेल आणि झोपेल हे जनरल लोकांना पक्कं ठाऊक आहे. मग यात शौर्य कुठलं?

चिंचोका:
मग ते उर्दू भाषांतर काय आपोआप झालं का? भाषांतर करणारे सय्यद काशिफ रझा आणि छापणारी मकतबा-ए-दानियाल यांना काय होऊ शकतं ते माहीत होतं, हनीफलाही होतं, तरी काढलंच ना. आणि तो काय लाहोरच्या कॉन्व्हेंटातला नाही हो, ओकाऱ्याकडचा पंजाबी पोरगा, एअर फोर्स अकॅडमीत गेला, पायलट ऑफिसर होऊन बाहेर पडला आणि नोकरी सोडून कराचीत पत्रकारिता धरली. कादंबरीतल्या परेड ग्राउंडचा कंटाळा, सीनियरांचा छळ, खोटी शिस्त, हे बाहेरून बघणाऱ्याला जमत नाही. 96 ला लंडनला बीबीसी उर्दूत गेला. आजही बीबीसीवर पंजाबीत बोलतो, ते व्हिडिओ बघा एकदा. तिथे कुठलं इंग्रजीचं चिलखत?

दुपारचा_चहा:
"इंग्रजी वाचणारा हसेल आणि झोपेल". गावठाण, सबीन महमूद आठवते का? कराचीत टीटूएफ नावाचा कॅफे चालवायची, शहरातल्या शिकल्यासवरलेल्या लोकांचा अड्डा. एप्रिल 2015 मध्ये तिथे बलुचिस्तानवर चर्चा ठेवली, त्याआधी लाहोरच्या एका विद्यापीठात तोच विषय रद्द करायला लावला होता. कार्यक्रम संपवून घरी जाताना तिला गाडीत गोळ्या घातल्या. हनीफची मैत्रीण होती ती. आणि त्याने स्वतः 2013 मध्ये बेपत्ता बलुच लोकांच्या घरच्यांशी बोलून मानवाधिकार आयोगासाठी पुस्तिका लिहिली. तिथे भाषा कोण बघतं, विषय बघतात. झिया मेलेला आहे, बलुचिस्तान चालू आहे.

गावठाण:
दुपारचा चहा, तुम्ही माझाच मुद्दा सांगताय की. मेलेल्या झियावर विनोदी कादंबरी, ती परवडते. त्याचं धाडस असलंच तर त्या पुस्तिकेत आहे, आणि आपल्याकडे हनीफ हनीफ करणाऱ्यांपैकी ती किती जणांनी वाचलीय? सगळे आंब्यांवरच अडकलेत.

कोकणी_मेवा:
मला तर तो गोऱ्यांसाठी लिहितो असंच वाटतं. जनरल, दाढ्या, बॉम्ब, सगळा एक्सपोर्टचा माल. बुरखा तेवढा नव्हता, तोही त्याच्या दुसऱ्या कादंबरीत, 'अवर लेडी ऑफ अ‍ॅलिस भट्टी'त भरला असेल.

चिंचोका:
"असेल" म्हणजे वाचलेलं नाही 🙂 अ‍ॅलिस ही कराचीतल्या एका खटारा हॉस्पिटलातली ख्रिश्चन नर्स आहे. पाकिस्तानात सफाईचं काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात मारलंय ते बहुतेक हेच लोक, धर्म बदलला तरी जात सुटली नाही. दलित साहित्य वाचून मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला यात परकं काय वाटेल? आणि गोऱ्यांचं म्हणाल तर आंब्यांच्या कादंबरीतली 4 जुलैची पार्टी काढून वाचा. इस्लामाबादेत अमेरिकन साहेब अफगाणी पोशाख घालून मिरवतायत आणि लादेन अँड कंपनीचा कोणी 'ओबीएल' त्या गर्दीत हिंडतोय, त्याला कोणी धड विचारत नाही. ज्यांच्यासाठी लिहितो म्हणताय त्यांचीच चामडी सोललीय त्यात.

रिकामटेकडी:
एक विचारू का, भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर आपल्याकडे 2022 च्या डिसेंबरात काय झालं? माओवादी असल्याच्या आरोपावरून तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींचं आत्मकथन 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम' इंग्रजीत बिनबोभाट होतं, अनघा लेले यांच्या मराठी अनुवादाला राज्य सरकारचा पुरस्कार जाहीर झाला आणि सहा दिवसांत जीआर काढून परत घेतला. धाड पडली नाही हे खरं, तुलना तेवढ्यापुरतीच. पण नस तीच दुखली. तेव्हा गावठाण यांचं निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष उलटा आहे. देशी भाषेत पुस्तक आणायचं ठरवणं हेच धाडस, आणि ते हनीफने केलं.

कोकणी_मेवा:
आणि सितारा-ए-इम्तियाझ, पाकिस्तान सरकारचा तो मोठा सन्मान? त्याच सरकारकडून घेतलाच ना मुकाट्याने.

दुपारचा_चहा:
घेतला. मार्च 2025 मध्ये बेपत्ता बलुच लोकांसाठी लढणाऱ्या सम्मी दीन बलुचला पकडल्यावर परतही केला. अर्धी बातमी सांगू नका.

कोकणी_मेवा:
परत करायचा तर घ्यायचा कशाला, बलुच माणसं काय 2025 मध्ये गायब व्हायला लागली का, 2013 ला यानेच लिहिलंय ना त्यांच्यावर.

गावठाण:
या एका बाबतीत मेव्याशी सहमत. रिकामटेकडी ताई, तुमचा मुद्दा अर्धा पटला, पण उर्दू अकरा वर्षांनी आलं. अकरा. मूळ उर्दूतच लिहिलं असतं तर आज आपण या धाग्यावर त्याच्याबद्दल बोलत असतो की शोकसभेत, एवढंच मला म्हणायचंय.

चिंचोका:
म्हणजे माणूस मेला असता तरच तुमच्या लेखी धाडसी. कठीण आहे राव. बाकी कोणी त्याची 'रेड बर्ड्स' ही कादंबरी पूर्ण केलीय का? ज्या छावणीवर बॉम्ब टाकायचा तिच्याच जवळ वाळवंटात अमेरिकन पायलट पडतो इथवर मजा आली, मग कुत्रा तत्त्वज्ञान सांगायला लागला आणि मी ठेवून दिलं.