मदत हवी आहे: लंडन दुसऱ्यांदा, पण गर्दी नको

नमस्कार मंडळी,

मेच्या शेवटी दहा दिवस लंडनला जातोय. मी, नवरा, नऊ वर्षांचे चिरंजीव आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात पण हौस आम्हा तिघांपेक्षा जास्त). २०१९ ला गेलो होतो तेव्हा राजवाडा, पूल, पाळणा, ममी सगळं उरकलंय. एका ठिकाणी तर तिकीट हातात असून दोन तास रांगेत उभे राहिलो आणि वीस मिनिटांत बाहेर आलो. म्हणून यंदा घरात ठराव झालाय: रांग दिसली की मागे फिरायचं.

गृहपाठ केलाय थोडा. लिंकन्स इन फील्ड्सवरचं सर जॉन सोन यांचं घर नक्की. हा आर्किटेक्ट १८३७ मध्ये गेला, पण त्याआधीच १८३३ मध्ये पार्लमेंटकडून कायदा करून घेतला की घर आहे तसंच ठेवायचं. फॅरो पहिल्या सेतीची दगडी शवपेटी ब्रिटिश म्युझियमला महाग वाटली, ती यांनी २००० पौंडांना घेऊन तळघरात ठेवली! एका खोलीतल्या भिंती म्हणे कपाटाच्या दारांसारख्या उघडतात आणि आत आणखी चित्रं. शिवाय फुकट. पण जिने सासूबाईंना झेपतील का?

चिरंजीवांसाठी क्रिस्टल पॅलेस पार्कातले १८५४ चे डायनासोरचे पुतळे आणि मेल रेल. टपालाची ही भुयारी रेल्वे १९२७ ते २००३ चालली, आता तिच्यातून माणसांना फिरवतात. दोन्ही एका दिवसात होईल?

सासूबाईंची मागणी एकच. त्या शाळेत इतिहास शिकवायच्या, त्यांना बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर बघायचंय. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं ते. तिथे जवळपास अजून काय आहे?

तुमच्या खास जागाही सांगा. यादी नको, स्वतः गेला असाल तेच लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी तारखा बघा. मे अखेरीस इथे शाळांना आठवडाभर सुट्टी असते, मेल रेलची तिकिटं आत्ताच काढा. डबे बुटके आहेत, गुडघे मुडपून वाकून आत शिरावं लागतं. सासूबाईंना तिथल्या टपाल म्युझियममध्ये बसवा. आणि डायनासोर त्याच दिवशी नको, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

तिथे गेलात की मुलाला इग्वानोडॉनच्या नाकावरचं शिंग दाखवा. ते शिंग नाहीच, अंगठ्याचं हाड आहे! तेव्हा मोजकीच हाडं हाती होती, अंदाजाने नाकावर बसवलं. पुढे बेल्जियममध्ये अख्खे सांगाडे निघाले तेव्हा चूक कळली. पुतळा मात्र तसाच ठेवलाय. ३१ डिसेंबर १८५३ च्या रात्री त्याच्याच साच्यात बसून शास्त्रज्ञ जेवले होते. माझी लेक हे आजही पाहुण्यांना सांगते.

सोनच्या घरी सोमवार-मंगळवार जाऊ नका, बंद. जिने अरुंद आहेत, आधी कळवा म्हणजे तिथली माणसं मदत करतात. वस्तू इतक्या खेटून मांडल्यात की पाठीवरची सॅक बाहेरच ठेवायला लावतात.

प्रतिसाद २

आंबेडकर हाउसला चॉक फार्म स्टेशनवरून चालत जा. दारावर निळी गोल पाटी आहे. वेळ आधी तपासून घ्या. बाहेर पडलात की प्रिमरोझ हिल जवळच, वरून अख्खं शहर दिसतं. चढ आहे, पण बाकं आहेत, टप्प्याटप्प्याने जमेल.

माझी खास जागा सेंट पॉल्सजवळचं पोस्टमन्स पार्क. पूर्वी शेजारच्या मोठ्या पोस्टातले पोस्टमन इथे डबा खायला यायचे. एका पडवीत भिंतीवर चिनी मातीच्या पाट्या आहेत, दुसऱ्याला वाचवताना गेलेल्या साध्यासुध्या माणसांच्या. चित्रकार वॉट्स यांनी १९०० मध्ये सुरू केलेलं काम. त्यात ॲलिस एअर्स ही मजुराची मुलगी आहे. १८८५ मध्ये जळत्या घरातून तिने तीन मुलं वाचवली, स्वतः गेली. मी दहा मिनिटांसाठी गेलो होतो, पाऊण तास पाट्या वाचत बसलो.

आणि मुलाला डीएलआरच्या (पूर्व लंडनमधली छोटी लोकल) पहिल्या डब्यात सर्वांत पुढे बसवा. ड्रायव्हरची केबिन नाही, सरळ रूळ दिसतात. आयलंड गार्डन्सला उतरा आणि १९०२ च्या भुयारातून थेम्सखालून चालत ग्रिनिचला जा. साधारण ३७० मीटर. लिफ्ट चालू आहे ना ते निघण्याआधी बघा, नाहीतर सासूबाईंचे जिन्यात हाल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! मेल रेलची तिकिटं आत्ताच काढली, सासूबाईंचं सोडून. पाट्यांचं वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवशी तिथेच जाऊ, डबा घेऊन." आता शेवटचा प्रश्न: त्यांची एकादशी आपल्या मुक्कामात येतेय. साबुदाणा इथूनच न्यावा की तिकडे मिळतो?

प्रतिसाद १

वेम्बलीला हवा तेवढा मिळतो. दाण्याचं कूट मात्र घरचं आणा.