संध्याकाळी समुद्रात जीपीएस उड्या मारतो, पृथ्वीच्या चुंबकामुळे?

मालीमवाला:
नमस्कार मंडळी, गोव्यात मालीम जेटीवर आमचा एक ट्रॉलर असतो. मार्चएंडला भाऊ बाहेर गेलेला, रात्री आठ-साडेआठला जाळं ओढत बोट सरळ चाललेली आणि प्लॉटरवरची (जीपीएसवरून बोटीचा मार्ग दाखवणारा पडदा) रेघ मात्र अंगणात कोंबडी फिरल्यासारखी. मधेच दोनतीन उपग्रह गायब. मध्यरात्रीनंतर आपोआप ठीक. मेकॅनिक म्हणाला अँटेना बदला, बदलली, चार दिवसांनी परत तेच. तांडेल (बोट चालवणारा) म्हणतो पृथ्वीचं चुंबक ढिलं झालंय, रील बघितलं म्हणे. खरंच संबंध असतो काय? आणि वायरलेस त्या वेळी खणखणीत चालू होता, ते कसं?

शॉर्टवेव्हवेडा:
चुंबक ढिलं बिलं काही नाही, पण तांडेल अगदीच चुकला नाही हां. चुंबकीय क्षेत्र सिग्नलला थेट हात लावत नाही, ते आयनोस्फिअरमधल्या, म्हणजे हवेच्या फार वरच्या थरातल्या, विद्युतभारित कणांना वळण लावतं. आणि आपण आहोत चुंबकीय विषुववृत्ताजवळ, ते भारताच्या दक्षिण टोकाकडून जातं, 1963 मध्ये थुंबाला रॉकेट केंद्र काढलं ते त्याच्यामुळेच. तिथे चुंबकीय रेषा जमिनीला समांतर, म्हणून सूर्य बुडाल्यावर आयनोस्फिअरचा खालचा भाग झपाट्याने विरला की पाण्याखाली कोंडलेलं तेल उसळावं तसे विरळ प्लाझ्माचे (त्याच विद्युतभारित कणांच्या वायूचे) बुडबुडे वर चढतात, मग त्याच रेषा धरून उत्तर-दक्षिण पसरतात, आपल्या डोक्यावर पण येतात. जीपीएसचा उपग्रह 20 हजार किमी वर, सिग्नल मुळात मरतुकडा, या बुडबुड्यांतून येताना तो तारे लुकलुकतात तसा लुकलुकतो आणि रिसीव्हरची पकड सुटते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला जोर जास्त, त्यात सूर्यावर डाग जास्त असले की बघायलाच नको. अँटेनाचे पैसे गेले तुमचे, सॉरी.
वायरलेस व्हीएचएफ असणार, तो बोटीवरून बोटीवर सरळ जातो, वर जातच नाही तर बिघडणार कसा.

फोंडेकर_मास्तर:
वरच्यांनी बरोबर सांगितलं. फक्त सौरवादळाची गल्लत करू नका, ते वेगळं. 10-11 मे 2024 ला मोठं वादळ झालं, लडाखला हानलेहून आकाश लाल दिसलं. तेव्हासुद्धा क्षेत्रात फरक पडला साधारण 400 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आणि गोव्यात मुळात क्षेत्र आहे 40 हजारांच्या आसपास. म्हणजे टक्काभर. एवढ्याने मोबाईल बंद पडत नाही. 1859 चं वादळ आपल्या कुलाबा वेधशाळेत नोंदलेलं आहे, तेव्हा युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बिघडली कारण मैलोन्मैल तारेत करंट शिरला. तुमच्या बोटीला कुठे आलीय मैलभर तार.

मालीमवाला:
देव बरें करूं! मग उपाय काय, घरी बसायचं?

शॉर्टवेव्हवेडा:
नाही हो. जीपीएसबरोबर ग्लोनास, गॅलिलिओ (रशिया आणि युरोपचे तसलेच उपग्रह) पण पकडणारा रिसीव्हर घ्या, दोनचार उपग्रह सुटले तरी बाकीचे धरून ठेवतात. पूर्ण इलाज नाही तो. तेवढा वेळ होकायंत्रावर चालवा, ते या बुडबुड्यांना भीक घालत नाही.

फोंडेकर_मास्तर:
फक्त होकायंत्राशेजारी लोखंड, स्पीकर काही नको. स्पीकरातलं चुंबक जवळून पृथ्वीला सहज भारी पडतं.

मालीमवाला:
अरे बापरे. आमच्या केबिनमध्ये गाण्याचा स्पीकर होकायंत्राच्या पेटीलाच टेकवून ठेवलाय, गणपतीपासून. काढायला सांगतो, तांडेल चिडणार पण.