करंटच्या केसचं वकीलपत्र घेतलं म्हणून गावाने वकिलाशी बोलणं सोडायचं का?

धुऱ्यावरून

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. सोयाबीन निघालं होतं, तूर-पऱ्हाटी उभी होती आणि रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. एका शेतकऱ्याने धुऱ्यावर बाइंडिंगची तार ओढून पंपाच्या लाइनीवरून त्यात करंट सोडला. शेजारच्या वावरात जागलीला आलेला सालदार पहाटे तारेला लागून गेला. घरी बायको आणि दोन लेकरं. शेतकऱ्याला अटक झाली.

आमच्याच गावचा एक जण तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याने आरोपीचं वकीलपत्र घेतलं. मारुतीच्या पारावर बैठक होऊन त्याला निरोप गेला: वकीलपत्र परत कर, नाहीतर गावात तुझ्याशी कोणी बोलणार नाही. काही जण तर तालुक्याच्या वकील संघाकडे निघालेत, कोणीच ही केस घेऊ नये असा ठराव करा म्हणायला.

हे मला साफ चूक वाटतं. आरोपीबद्दल मला तिळभर प्रेम नाही. पण गाव म्हणतं 'खून', आणि कायद्यात इथे निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम 103 म्हणजे खून. 105 म्हणजे सदोष मनुष्यवध. 106 म्हणजे हयगयीने मृत्यू, त्याला जास्तीत जास्त पाच वर्षं. 103 ला फाशी किंवा जन्मठेप. यातलं कोणतं लागतं हे पारावर ठरणार आहे का? दोन्ही बाजूंनी भांडल्याशिवाय न्यायाधीशाला तरी ते कसं कळणार?

विळा-दोरी

कायले इतकं कायदा कायदा करून राह्यले भाऊ? तार कोनं ओढली? त्यानं. करंट कोनं सोडला? त्यानं. मानूस मेला. आता यात वकिलानं काय शोधाचं हाय?

अन् वकील कोनाले भेटते हे पाहा ना. ज्याच्यापाशी वीस एकर हाय त्याले तालुक्याचा भेटते, उद्या नागपूरचाही भेटते. जो मेला त्याच्या बायकोपाशी कोन हाय? सरकारी वकील. त्याच्या टेबलावर फाइलींचा ढीग, तिचं नावही त्याच्या ध्यानात राहनार नाई. तारखेले कोर्टात गेली तर तिची मजुरी बुडते. तुमी म्हनता दोन्ही बाजूनं भांडलं पायजे. भांडा ना, पन दुसऱ्या बाजूनं भांडाले कोन हाय ते आधी सांगा.

काळा कोट, वणी रोड

या भागात फौजदारी वकिली करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो.

आरोपीच्या वकिलाचं काम 'सोडवणं' आहे असा समज आहे. पहिले काही दिवस काम असतं ते पोलिसांचे कागद वाचण्याचं. अटकेनंतर चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं का? पोलिसांसमोर दिलेली कबुली पुरावा होत नाही, पण 'त्याने दाखवून दिल्यावरून वस्तू मिळाली' एवढा भाग चालतो. मग ती वस्तू खरंच त्याने दाखवली की आधीच पंचनाम्यात लिहिली होती? 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं आहे, ते झालं का? हे कोणी विचारलंच नाही तर पोलीस पुढच्या केसमध्येही तसंच करतील, आणि तेव्हा आत कोण असेल सांगता येत नाही.

कलमाचा फरक तर फार मोठा. 106 ला जामीन हक्काने मिळतो. 105 ला मिळत नाही आणि खटला सत्र न्यायालयात जातो. आमच्या धाग्यातल्या केसमध्ये सगळी लढाई एका शब्दावर होईल: मृत्यू होऊ शकतो याची त्याला 'जाणीव' होती का? रात्री तिथून माणसं जातात हे त्याला ठाऊक होतं का, गावात सांगितलं होतं का, फलक लावला होता का, विजेची चोरी होती का. सरकारी वकील म्हणेल जाणीव होती. दुसऱ्याने उलट बाजू मांडायची.

'माझ्या वावरात मी काहीही लावीन' हा बचाव मात्र टिकणार नाही, हे आरोपीलाही त्याच्या वकिलानेच सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाचा 1963 चा चेरुबिन ग्रेगरीचा निकाल आहे. बिहारमध्ये एकाने आपल्या संडासाभोवती उघड्या तारेत वीज सोडली आणि शेजारची बाई गेली. ती परवानगीशिवाय आली होती, मालमत्तेचं रक्षण केलं, हे त्याचं म्हणणं कोर्टाने फेटाळलं. शिक्षा झाली ती जुन्या भारतीय दंड संहितेच्या 304-अ खाली, हयगयीची.

ठरावाचं म्हणाल तर तो कागदाच्या किमतीचाही नाही. 2010 मध्ये कोइमतूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अमुक आरोपीची केस घ्यायची नाही असे वकील संघांचे ठराव राज्यघटनेच्या विरुद्ध आणि रद्दबातल आहेत. बार कौन्सिलच्या नियमांतही आहे की आरोपी दोषी आहे असं स्वतःला वाटत असलं तरी वकिलाने बचाव करायचा.

सावलीतली बाई

काळ्या कोटवाल्या दादा, तुमचं सगळं वाचलं. नियम बरोबर असतील. पण बचावाच्या नावाखाली कोर्टात काय चालतं हे विदर्भाला शिकवू नका.

देसाईगंज आठवा. 1972 साली पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. देशभर बाया रस्त्यावर आल्या तेव्हा 1983 मध्ये कायदा बदलला. आणि पीडितेच्या 'चारित्र्या'वर प्रश्न विचारायची मुभा तर 2003 पर्यंत कायद्यातच होती. तोपर्यंत किती बायांना उलटतपासणीत नागवं केलं असेल? ते करणारे सगळे वकील आपापलं काम करत होते.

म्हणून माझा राग वकीलपत्र घेण्यावर नाहीच. आमच्याकडे आत्ताच कानावर येतंय की मेलेला सालदार दारू पिऊन आला होता, तार चोरायला आला होता. ही गोष्ट कोणी पेरली? जामिनाच्या अर्जात हे आलं तर मी त्या वकिलाला 'आपलं काम करतोय' म्हणणार नाही. ज्याला उत्तर द्यायला तोंडच उरलं नाही त्याची बदनामी हा बचाव कसा?

धुऱ्यावरून

ताई, दारूची गोष्ट गावातूनच उठली, वकिलाकडून नाही. शवविच्छेदनात काय निघतं ते निघेल. तुमचा मुद्दा मान्य, पण तो वकील कसा वागतो यावर राग ठेवा. त्याने वकीलपत्र घेतलं त्या दिवशीच बोलणं बंद झालं, दारूची अफवा नंतरची.

पांढरी-काळी

नाशिकजवळची एक केस कोणी काढली नाही. 2003 मध्ये दरोडा, खून, बलात्कार. भटक्या जमातीतले सहा जण धरले. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठोठावली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेपेवर आणली होती तरी. त्याच सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये त्याच सहा जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सांगितलं. घटना डोळ्यांदेखत पाहिलेल्या बाईने नंतर पोलिसांच्या फोटोंतून दुसऱ्याच माणसांना ओळखलं होतं. ती माणसं बाजूलाच राहिली.

त्यांच्या पालांसमोर जर कोणी बैठक घेऊन वकील नको म्हटलं असतं, तर आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. गुन्हा इतका वाईट होता. आणि खरे गुन्हेगार कुठे आहेत, ते त्या घरच्यांनाही आज माहीत नाही.

विळा-दोरी

ते साहा जन गरीब होते म्हनून सोळा वरसं सडले. आमचा आरोपी गरीब हाय का? तुमी गरिबाची केस दाखवून श्रीमंताचा वकील वाचवून राह्यले.

काळा कोट, वणी रोड

हा टोला बरोबर बसला. पण मग भांडण वकील असण्याशी नाही, एकाच बाजूला वकील असण्याशी आहे. त्यावर उपाय दुसऱ्या बाजूचा वकील.

हिंगणघाटला 2020 मध्ये प्राध्यापिकेला पेटवून मारलं. आरोपीला वकील होता, त्याने जोरात बाजूही मांडली. 2022 मध्ये जन्मठेप झालीच. बचाव पूर्ण ऐकून झालेली शिक्षा वरच्या कोर्टात सहज पडत नाही. वकिलाशिवाय चालवलेला खटला अपिलात मोडतो आणि मग त्याच साक्षीदारांना पुन्हा साक्षीला बोलावतात.

सालदाराच्या बायकोसाठी: तालुका विधी सेवा समिती त्याच कोर्टाच्या आवारात असते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्यात तसं आहे. तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो, जामिनाला विरोध करणारं म्हणणं लिहून देऊ शकतो. पीडितांच्या भरपाईचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा.

सावलीतली बाई

हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर पारावरची बैठक निम्मी झाली असती. आता तिला कोण घेऊन जाणार? तेराव्यानंतर तिच्याकडे कोणी फिरकलं नाही, बैठकीत ओरडणारेही नाही.

विळा-दोरी

मी नेतो. सोमवारी बाजारचा दिवस, काळीपिवळी भेटते. पन त्या वकिलाच्या वसरीवर मी चहा पेनार नाई, ते मले सांगू नका कोनी. काय कागद लागते?

काळा कोट, वणी रोड

आधार कार्ड, मृत्यूचा दाखला, आणि एफआयआरची प्रत. प्रत ठाण्यातून फुकट मिळते, फिर्यादीला किंवा पीडिताच्या घरच्यांना. पैसे मागितले तर देऊ नका. शवविच्छेदन अहवाल आला नसेल तर त्यासाठी थांबू नका, समितीचा वकील मागवून घेईल. आरोपीच्या जामिनाची तारीख कोणती आहे ते आवकातल्या बाबूला विचारा, त्याआधी तिचं म्हणणं दाखल झालं पाहिजे.