एफ७ वर घोडा पडला, राजा उघड्यावर

जुळे_सोलापूरकर: बुद्धिबळाच्या अंडर-११ ला पोरगं काळ्याकडून होतं, चाली अशा (आधी पांढऱ्याची, मग काळ्याची; ई४, एफ७ ही पटावरच्या घरांची नावं): ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, मग समोरच्यानं घोडा जी५ ला आणला, ह्यानं डी५ केलं, त्यानं प्यादं मारलं म्हणून ह्यानं घोड्यानं परत मारलं आन् धाडकन एफ७ वर घोडा पडला की ओ. चुकलं कुठं?

उंटावरचा_शहाणा: मालक, डी५ बरोबरच. पाचव्या चालीला घोड्यानं मारायचं नाही, सी६ चा घोडा ए५ ला न्यायचा, उंटावर हल्ला. एक प्यादं जातं, पण मोहरे पटापट बाहेर येतात.

जुळे_सोलापूरकर: पण कडेचा घोडा वाईट असं शिकवलंय ना त्याला

उंटावरचा_शहाणा: इथं चालतंय ओ

अडीच_घर: एफ७ वर घोडा देऊन राजाला उघड्यावर ओढायचं, फ्राइड लिव्हर म्हणतात ह्याला, बारक्या पोरांत लई चालतं. झंझटच नको तर तिसऱ्या चालीला उंट सी५, मग त्याचा घोडा जी५ आला की आपला वजीर तो घोडा फुकटात खातो.