यूवर दोन टिंबं दिली की आवाज नेमका काय होतो?

ऑरेंज_सिटीवाली:
जर्मन शिकून राहिली आहे, धरमपेठेत क्लास आहे, दुसरा महिना. बाकी जमते पण यूवर न् ओवर दोन टिंबं आली की तोंडातून आवाजच निघत नाही. म्युनिकला जर्मनमधे जे म्हणतात ते मॅडमनी दहादा म्हणवून घेतलं, माझं आपलं ‘मुन्शन’च. त्यात दादा तुर्कीला जाऊन आला, तो म्हणे तिकडे पण असेच टिंबवाले अक्षर, आणि मैत्रिणीच्या फ्रेंचच्या पुस्तकात तर ईवर टिंबं. सगळ्या चिन्हांचे आवाज एकदाच पाठ करून टाकले तर चालेल का? कोणाकडे तक्ता असेल तर टाका ना.

मिहानवाला:
तक्त्याच्या नादी लागू नका ताई, तिथेच फसतात सगळे. आधी भाषा कोणती ते बघायचं, मग चिन्ह. सीखालची शेपटी फ्रेंचमधे ‘स’, तुर्कीत ‘च’. फ्रेंचमधे ईवर टिंबं म्हणजे फक्त दोन स्वर वेगळे म्हणा, नाताळला ते ‘नो-एल’ म्हणतात तसं. स्पॅनिशमधे स्वरावर तिरपी रेघ दिसली तर आवाज तोच, जोर तिथे द्यायचा एवढंच.
तुमच्या दादाचं मात्र बरोबर आहे, तुर्कीनं 1928 मधे अरबी लिपी सोडून लॅटिन घेतली, त्यात यू आणि ओवरची टिंबं जर्मनसारखीच वाचतात.
आता ट्रिक. ‘ई’ म्हणत राहा, जीभ हलवू नका, फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. झालं यू. ओसाठी ‘ए’ धरून ओठ ‘ओ’चे. आळस नका करू बरं, बिनटिंबाचं ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’, टिंबवालं म्हणजे ‘सुंदर’.

रिटायर_मास्तर:
वर्धा रोडवर रोज स्कोडा दिसतात ना, ती मुळात श्कोडा आहे. चेकमधे एसवर उलटी टोपी म्हणजे ‘श’. एमिल श्कोडा हे कारखानदाराचं आडनाव, आणि त्या शब्दाचा चेकमधे अर्थ नुकसान! पोलंडचं तर विचारूच नका, एलला आडवी काठी मारली की ‘व’ होतो, नकाशात लॉड्झ वाचतो त्या शहराला तिथले लोक वूच म्हणतात.
पण हसू नका राजेहो, आपला ‘चार’मधला च आणि ‘गाईचा चारा’मधला च एक आहे का? आपण तर टिंबसुद्धा देत नाही, परक्यानं ओळखायचं कसं?

काहून_बे:
कीबोर्डवर टिंबं सापडत नसतील तर यू नंतर ई टाका, ओ नंतर पण ई. जर्मन लोक स्वतः तसंच करतात, त्यांच्या पासपोर्टवर खाली मशीन वाचते त्या ओळीत पण तसंच असते.

ऑरेंज_सिटीवाली:
ओठ गोल करून ‘ई’ म्हटलं, पहिल्यांदा बरोबर आलं!! आई किचनमधून विचारते शिट्टी काहून वाजवून राहिली. मास्तर, तो चारावाला च मॅडमना विचारते उद्या, जर्मनमधे झेडचा आवाज तसाच वाटते मला.

रिटायर_मास्तर:
तसाच आहे, विचारायची गरज नाही. दहाला ते ‘च़ेन’ म्हणतात, चारातला च घेऊन.